एक जूनची माणसं

परवा पेन्शनच्या कामासाठी एका वेबसाइटवर फॉर्म भरायला बसले. जन्मतारखेच्या चौकोनात शून्य एक, शून्य सहा असे आकडे टाकले आणि पुढच्या पानावर माझी जन्मतारीख उमटली, सहा जानेवारी. मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, इतकी वर्षं झाली, मशीन टेबलावरून उठून खिशात आलं, आणि रोग तोच! शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मावशी, हे अमेरिकन पद्धतीचं आहे, यात महिना आधी असतो." त्याला म्हटलं, बाबा रे, तू जन्मायच्या आधीपासून मला ते माहीत आहे, आणि फुकटात माहीत झालेलं नाही.

माझी उभी नोकरी या तारखांनी खाल्ली. शेवटची काही वर्षं मी सरकारी वेबसाइटींचे प्रोग्राम लिहीत होते. तिथंही तेच रडगाणं. एक जूनची मध्यरात्र साठवायला द्यावी, तर सर्व्हर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या घड्याळात जगणारा. तो तिची एकतीस मेची संध्याकाळ करून परत देणार. मग फोन, मग पत्रं, मग मीटिंग. हजार ओळींचा प्रोग्राम माणूस बिनचूक लिहितो आणि एका तारखेपाशी त्याचा पाय घसरतो. लोक म्हणायचे, मॅडम, तारखेचं नाव काढलं की तुम्ही अंगावर का येता? त्याचं कारण परभणीत आहे, आणि ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनाच्या शेवटच्या वर्षांतलं आहे.

मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची. परभणीतल्या एका कचेरीत पहिला कम्प्युटर आला आणि तो चालवायला मला सहा महिन्यांच्या ऑर्डरवर घेतलं. सहा महिने झाले की एक दिवसाचा खंड, मग नवी ऑर्डर, ती मिळाली तर. कम्प्युटरसाठी वेगळी खोली, खोलीला पडदे, दाराबाहेर चपला काढायच्या. उद्घाटनाला नारळ फुटला, मॉनिटरला हळदकुंकू लागलं, आणि साहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी दोनच बोलायला हवे होते. त्याऐवजी ठणकावून म्हणाले, "मशीन कधी चुकत नाही. चुकतो तो माणूस." टाळ्या पडल्या. दफेदार मामांनी तर डोळे मोठे करून मशीनला हात जोडले.

दफेदार मामा म्हणजे साहेबांच्या दाराशी बसणारे आमचे सगळ्यात जुने शिपाई. गोदावरीकाठचे, सोनपेठच्या पुढच्या एका खेड्यातले. पितळी बिल्ला रोज चिंचेनं घासायचे. कचेरीच्या मागं शिपायांची क्वार्टरं होती, त्यातल्या एका खोलीत ते, त्यांची बायको आणि शेंडेफळ मुलगी राहायची. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मुलीचं टेबल. टेबल म्हणजे कचेरीतून बाद झालेला लाकडी खोका. मुलगी दहावीला होती. त्यांच्या घरात दहावीपर्यंत पोचलेलं ते पहिलं माणूस, त्यामुळे मामांचं जगातल्या सगळ्या गोष्टींचं मोजमाप "मार्चच्या आधी" आणि "मार्चच्या नंतर" असं झालं होतं.

तर माझं पहिलं मोठं काम आलं ते सेवानिवृत्तीच्या यादीचं. जिल्हाभरातल्या कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं बघायची, जन्मतारीख टाकायची, त्यात कारकुनाला अठ्ठावन्न आणि शिपायाला साठ वर्षं मिळवायची, आणि कोण कधी घरी जाणार ते छापायचं. ऐकायला किती सोपं! एक कारकून सेवापुस्तक वाचायचा, मी टाइप करायची. पहिल्या तासातच माझं डोकं फिरलं.

"एक सहा. एक सहा. एक सहा. एक सहा."

"अहो, नीट वाचा ना. एकच पान किती वेळा वाचताय?"

"मॅडम, पानं येगळी हायत. माणसं येगळी हायत. तारीख तीच हाय."

अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलेला. आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझे वडील, आप्पा, प्राथमिक शाळेतले गुरुजी, आणि अर्ध्या तालुक्याला एक जून ही तारीख त्यांच्याच हातानं मिळालेली. जूनमध्ये शाळा उघडायची. बाप पोराला घेऊन यायचा. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. मग सहा वर्षं मागं मोजून रजिस्टरात लिहायचं, एक जून. मी आप्पांना वैतागून विचारलं, "एखाद्याला तरी दोन जून द्यायचं होतंत." ते शांतपणे म्हणाले, "सगळ्यांना एकच दिली, म्हणून कुणाची तक्रार नव्हती." माझी स्वतःचीही एक जूनच आहे. आई म्हणायची मी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची. पण गुरुजींच्या मुलीला वेगळा न्याय कसा लावायचा?

त्या काळच्या प्रोग्रामला तारीख अमेरिकन पद्धतीनं कळायची, म्हणजे आधी महिना, मग दिवस. त्याला आपली पद्धत समजावी म्हणून एक इंग्रजी हुकूम टाइप करावा लागे, सेट डेट ब्रिटिश. इंग्रज गेले, निजाम गेला, आणि परभणीत आपली तारीख आपल्यासारखी दिसावी म्हणून मी रोज सकाळी ब्रिटिशांचं नाव घेत होते. मशीन बंद होऊन चालू झालं की हुकूम पुन्हा द्यायचा. तो मी देत असे. रोज, न चुकता.

यादी छापायचा दिवस उजाडला. लाइट गेली. आली. हुकूम दिला. पुन्हा गेली. आमच्याच जिल्ह्यात येलदरीला धरणावर वीज तयार होते आणि आमच्या मशीनला ती दहा मिनिटं सलग मिळेना. आली, हुकूम दिला. तिसऱ्यांदा गेली तेव्हा आस्थापनेचे हेडक्लार्क दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, साहेब तीनदा इचारायलेत. हातानं लिवली असती तर परवाच झाली असती." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाइट आली तशी मी दणादणा बटणं दाबली, प्रिंटर करकरायला लागला, आणि पानं तशीच त्यांच्या हातात कोंबून मी जेवायला निघून गेले.

तिसऱ्यांदा मी हुकूम दिलाच नव्हता.

काय झालं असेल ते सांगते. पंधरा सहा अशी तारीख असली तर मशीनला पंधरावा महिना सापडेना, म्हणून त्या माणसासमोर त्यानं जागा कोरी सोडली. दिवस बाराच्या आतला असला, की तोच महिना समजून मोकळं झालं. एक जूनवाले सगळे सहा जानेवारीचे झाले. कुणाच्याही लक्षात आलं असतं, नाही का? यादीत जागोजागी कोऱ्या जागा, आणि बाकी अर्धा जिल्हा एकतीस जानेवारीला घरी निघालेला! पण आमच्या आस्थापना शाखेत कोरी जागा दिसली की भरायची, हा धर्म. हेडक्लार्कांनी दोन कारकून बसवले, सेवापुस्तकं काढली आणि सगळ्या कोऱ्या जागा निळ्या शाईनं, सुंदर अक्षरात भरून टाकल्या. त्यांना वाटलं, मशीननं आपल्यासाठी सोडल्यात. मला एका शब्दानं कुणी विचारलं नाही. आणि एकाच तारखेला एवढी गर्दी? तीही खटकली नाही, कारण गर्दी दरवर्षीच असायची. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतो, त्यामुळे एक जूनची सगळी माणसं एकतीस मेला घाऊक घरी जायची. मेच्या जागी जानेवारी आला, गर्दी तीच. यादी पुन्हा टाइप झाली, साहेबांची सही झाली, वरच्या कार्यालयाला गेली आणि ज्याला त्याला नोटिसा निघाल्या.

डिसेंबरात एका दुपारी दफेदार मामा दाराबाहेर चपला काढून आत आले. हातात नोटीस.

"ताई, ह्ये जरा बगा की. आमची एक जून हाय. समदे म्हनत होते, मे मधी जायचं. आता जानेवारी म्हनायलेत."

मी मान वर न करता म्हणाले, "मामा, सेवापुस्तकात असेल तेच मशीन सांगतं. मशीन चुकत नाही."

"व्हय, ते तुमी म्हनला व्हता." ते तसेच उभे. "चुकत नसंल. पर पोरीची परीक्षा मार्चात हाय. जानेवारीत खोली सोडा म्हनले तर जावं कुटं? गावातलं घर अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीतच जळालं. आन हितं आमाला भाड्यानं खोली कोन देतंय?"

मी काहीतरी बोलले असेन, बघते वगैरे. ते गेल्यावर मी चिडूनच यादी उघडली, मामांना पुरावा दाखवावा म्हणून. त्यांची जन्मतारीख दिसली, सहा जानेवारी. वर बघितलं, सहा जानेवारी. खाली, सहा जानेवारी. मग शेवटच्या पानावर, प्रोग्राम तपासायला मीच घातलेलं माझं नाव. सहा जानेवारी. महिनाभर सगळ्या कचेरीला तारीख नीट वाचा, नीट लिहा, म्हणून फाडून खाल्लं होतं, आणि चूक माझी निघाली.

हेडक्लार्कांना जाऊन सांगितलं. त्यांनी यादी चष्म्याजवळ नेली, लांब नेली आणि घडी घालून ठेवली. "मॅडम, बोलू नका कुनाला. ज्याची तक्रार यील त्याचा अर्ज घिऊ. शाळेचा उतारा आनायला सांगू, पडताळणी करू, वर पाठवू. चार-सा महिन्यांत एकेकाचं दुरुस्त व्हतंय."

"अहो, तेवढ्यात मे उजाडेल! तोवर मामांना घराबाहेर काढलेलं असेल."

"खोलीसाठी पुढचा नंबर लागलेला हाय, मॅडम. मी काय करू? यादीच चुकली म्हनलं तर खुलासा कोन देनार? तुमची ऑर्डर जानेवारीत सपायली. कामून आ बैल मला मार करायलात?"

ते वाईट माणूस नव्हते, मला वाचवायलाच बघत होते. मी गप्प बसले. एक दिवस नव्हे, चांगले आठ-दहा दिवस. रोज मामा पाण्याचा ग्लास आणून ठेवायचे आणि काही विचारायचे नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मला त्यांच्यावर ओरडता आलं असतं. नामांतराच्या बंदमुळे त्या आठवड्यात दोन दिवस एसटी बंद होत्या. चौकात जमाव, दुकानांची शटरं अर्धी, आणि मी खाली मान घालून घरी चालत जायची.

इथं एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. आमच्या घरामागं एक खोली होती. आधी तिथं शेतकी विद्यापीठातले विद्यार्थी भाड्यानं राहायचे, त्या वर्षी ती रिकामी होती. माझी कम्प्युटरची पुस्तकं तिथं असत, म्हणून किल्ली माझ्या पर्समध्ये. मामा "खोली कोन देतंय" म्हणाले तेव्हा ती किल्ली माझ्या खुर्चीला टांगलेल्या पर्समध्येच होती. आप्पा शाळेत सगळ्यांना एकच तारीख देणारे होते, पण खोली सगळ्यांना देणारे नव्हते, हे मला ठाऊक होतं. एकदा जेवताना मी नुसतं म्हटलं, "मागची खोली कुणाला द्यायची का? आमच्या कचेरीतले एक आहेत." आप्पांनी विचारलं, "कुठले?" मी म्हणाले, "सोनपेठकडचे." त्यांनी विचारलं, "म्हणजे कोण?" आणि मी म्हणाले, "जाऊ द्या, त्यांचं ठरलंय कुठंतरी."

त्या रात्रीनंतर मला कळून चुकलं की घरात तोंड उघडण्यापेक्षा कचेरीत उघडणं सोपं आहे. दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. लाइट, दोनदा दिलेला आणि तिसऱ्यांदा न दिलेला हुकूम, कोऱ्या जागा, निळी शाई. साहेब ऐकत राहिले.

"मॅडम, उद्घाटनाला तुम्हीच म्हणाला होता ना, मशीन चुकत नाही?"

"हो साहेब. मशीन चुकलं नाही. मी चुकले."

"लेखी द्या."

दिलं. सगळी यादी रद्द झाली, नवी निघाली. ती छापताना हुकूम मी चार वेळा तपासला आणि कोऱ्या जागा भरायला आलेल्या कारकुनाला दारातूनच परत पाठवलं. मला लेखी ताकीद मिळाली. ऑर्डर एक दिवसाच्या खंडाऐवजी दोन महिन्यांच्या खंडानंतर निघाली, आणि ते दोन महिने आप्पांनी रोज विचारलं, तुझं मशीन बिघडलंय का. मामांचं मात्र जानेवारीत काहीच झालं नाही. फेब्रुवारीतही नाही. मार्चमध्ये त्यांची मुलगी त्याच खोलीतून, त्याच खोक्यावर अभ्यास करून परीक्षेला गेली. एकतीस मेला एक जूनच्या सगळ्या माणसांबरोबर मामांना शाल आणि नारळ मिळाला. पितळी बिल्ला जमा करताना त्यांनी तो शेवटचा एकदा सदऱ्याला पुसला.

निकाल लागल्यावर ते मुलीला घेऊन कचेरीत आले. पेढे आणले होते. मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला अकरावीला परभणीतच राहायचं होतं. गावाकडं पुढची शाळा नव्हती. क्वार्टर सोडून मामा आणि मामी तात्पुरते गावी भावाकडं गेले होते. मुलीच्या हातात मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज होता.

"ताई, तुमी भरा. तुमच्या हातानं तारखा बरूबर येत्यात," मामा म्हणाले. टोमणा नव्हता तो. ते मनापासूनच म्हणाले होते.

मी पेन काढलं. नाव लिहिलं. जन्मतारखेच्या रकान्यात सवयीनं एक लिहायला गेले, तर मुलीनं शाळेचा दाखला पुढं केला. सतरा नोव्हेंबर.

"हे कसं?" मी विचारलं.

मामा हसले. "ही झाली तवा घराच्या चौकटीवर खिळ्यानं कोरली व्हती. चौकट गेली, तारीख ध्यानात राहिली. शाळेत घालायच्या टायमाला गुरुजी एक जून लिवायलते. म्या त्येंचा हात धरला. म्हनलं, गुरुजी, माजी लिवली तशी हिची लिवू नका. हिची खरी हाय."

सतरा. बाराच्या वरचा आकडा. महिना आधी धरा की दिवस आधी, मशीन कोरं राहील, पण हिला दुसऱ्याच दिवशी जन्माला घालू शकणार नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एका तारखेचा मला आनंद झाला. मी ती आकड्यांत लिहिली, मग खाली अक्षरांत लिहिली, आणि पुढच्या रकान्यावर आले.

अर्जदाराची परभणी शहरात राहण्याची अन्य सोय होऊ शकते काय?

मी थांबले. पर्स खुर्चीलाच होती, किल्ली तिच्यातच. मामांना वाटलं, मला प्रश्न कळला नाही.

"न्हाई लिवा, ताई," ते म्हणाले.

मी 'नाही' लिहिलं.